सोबतीला कोण?

आमच्या घरात भीती मोजायचं एक माप होतं. तांदूळ पायलीनं मोजत, दूध शेरानं, कापड वारानं आणि भीती सोबतीनं. गोष्ट ऐकून किंवा पुस्तक वाचून झाल्यावर रात्री परसाकडे जायला एक जण सोबत लागला, तर गोष्ट बरी. दोघं लागले, तर चांगली. आणि कंदील धरलेल्या थोरल्या दादाच्या मागे चुलत-आत्ते मिळून अकराच्या अकरा पोरं एकमेकांचे सदरे-परकर धरून आगगाडीसारखी निघाली, तर त्या गोष्टीला तोड नाही असं सगळं घर मानायचं. सांगणाऱ्यानं कितीही रंगवून सांगितलेली असो, आगगाडी निघाली नाही तर नाही.

या मे महिन्यात ते माप पुन्हा बाहेर निघालं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरी सगळे जमलो होतो. अकरापैकी आम्ही नऊ आता उरलोय, सगळे पन्नाशीच्या आगेमागे. रात्रीची जेवणं आटोपून पडवीत पसरलो होतो, तेव्हा भाच्यानं वही काढली. आजवरची सगळ्यात भारी भयकथा कोणती, ते त्याला ठरवायचं होतं. सिनेमा, पुस्तक, गेम, पॉडकास्ट, सगळं एकाच ताटात वाढायचं. वाद लगेच पेटला. गेमची तुलना पुस्तकाशी कशी करणार? दोन तासांच्या सिनेमाची दोनशे भागांच्या पॉडकास्टशी कशी? आत्या हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे काढत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "सोबत किती लागली ता सांगा. दुसरा माप कित्याक होया?"

मग रात्रभर तेच चाललं.

सुरुवात अर्थात आजीपासून. तिच्या गोष्टी कुठल्या पुस्तकात नाहीत, त्यामुळे भाच्याच्या वहीत कुठला रकाना तिला लागू पडेना. पण आमच्या पिढीचा पाया तिथलाच. आजी भुतांचं नाव रात्री घेत नसे. 'बाहेरचं' म्हणायची, किंवा 'वाईटसाईट'. साप रात्री साप नसायचा, 'लांबडं' असायचा. दिवसा मात्र ती सगळ्यांची नावं आणि पत्ते सांगायची, पोस्टमनला माहीत असावेत तसे. मुंजा पिंपळावर, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. हडळ चिंचेवर, बाळंतपणात गेलेली. गिऱ्हा पाण्याशी. आसरा विहिरीत, त्या सात जणी. ब्रह्मसमंध पडक्या वाड्यात, तो जिवंतपणी विद्वान असल्यामुळे मेल्यावरही हट्टी. खवीस, झोटिंग, जखीण, लावसट. चकव्याला पत्ता नव्हता, कारण त्याचं कामच मुळी पत्ता चुकवायचं. आमच्या आजोबांना तो एकदा बाजारातून येताना भेटला आणि त्यांना पहाटेपर्यंत एकाच काजूभोवती फिरवत राहिला. हातातली सुक्या मासळीची पिशवी तेवढी उजाडताना रिकामी होती. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. शंभराव्या वेळीही पिशवी रिकामी निघाली की अंगावर काटा यायचा.

आणि देवचार. तो आमच्यातलाच. हद्दीचा राखणदार, रात्री काठी टेकत गस्त घालणारा. तिकडे आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. देव रात्री गावातून फिरतो आणि चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. आम्ही लहानपणी त्या चपला बघायला जायचो आणि तळवे खरंच झिजलेत का ते वाकून बघायचो. आजीच्या जगात भीती कधी एकटी येत नसे, तिचा राखणदार मागोमाग यायचाच. नंतरच्या कितीतरी भयपटांत ही गोष्ट राहून गेली असं मला वाटतं. त्यात भूत असतं, वेतोबा नसतो.

आजी गोष्ट सांगताना आवाज चढवत नसे, उतरवायची. हातानं वाती वळणं चालू. ऐन मोक्याच्या जागी थांबून, मान किंचित वळवून अंगणाकडे बघायची आणि नुसतं म्हणायची, "गप बसा रे. कोण तरी आयकता." झालं. नंतर काय घडलं ते तिला सांगावंच लागत नसे.

तिचे नियम होते. तिन्हीसांजेला केस विंचरायचे नाहीत. मीठ-मोहऱ्यांची दृष्ट काढल्यावर मागे वळून बघायचं नाही. रात्री नखं कापायची नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम हाकामारीचा. रात्री कुणी नावानं हाक मारली, आवाज अगदी आईचा असला तरी, "पयल्या हाकेक ओ देव नको." तीन हाका पुऱ्या झाल्या की मगच ओ. 'बाहेरचं' तिसरी हाक मारत नाही, असा तिचा हवाला. या नियमामुळे परसाकडे गेलेल्याचे जे हाल होत, ते सांगायलाच हवेत. आत बसलेला विचारायचा, "आहेस ना?" बाहेर सोबतीला उभा असलेला गप्प. पुन्हा, "आहेस ना रे?" गप्प. तिसऱ्या वेळी आतला रडकुंडीला येऊन ओरडायचा, तेव्हा बाहेरचा म्हणायचा, "आहे." त्या दोन शांततांत जे वाटायचं, त्याच्या जवळपास नंतर काही गेलं की नाही, हाच त्या रात्रीचा खरा प्रश्न होता.

जून उजाडला की आम्ही एसटीनं मुंबईला, गिरगावातल्या चाळीत परत. तिथे माड नाहीत, विहीर नाही, पण संडास गॅलरीच्या टोकाला आणि तिथला पिवळा बल्ब कधी लागे, कधी नाही. म्हणजे सोबतीची सोय तिथेही लागत होतीच. फक्त आजी नव्हती. तिची जागा पुस्तकांनी घेतली.

गल्लीत वाचनालय होतं. महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. नारायण धारपांचं पुस्तक मिळवायला नंबर लावावा लागे. हाती यायचं तेव्हा ते पुस्तक दमलेलं असायचं. खाकी पुठ्ठा, कणा दोऱ्यानं शिवलेला, पानं खळीनं चिकटवलेली, कोपरे बोटांनी काळे झालेले, आणि कुणीतरी समासात पेन्सिलीनं 'पुढे वाचू नका' असं लिहिलेलं. एका प्रतीतली मधली दोन पानंच गायब होती. त्या दोन पानांत काय असेल यावर आम्ही जे रचलं, ते बहुधा मूळ पुस्तकाहून भयंकर होतं. बाबा आधी वाचायचे, मग काका, मग आम्ही भूगोलाच्या पुस्तकात लपवून. दिवाळीत 'नवल' आणि 'धनंजय' यायचे, त्यांचीही हीच गत. चकल्यांच्या तेलाचे डाग आणि भयकथा हे दोन्ही एकाच वासाचे आहेत, असं आमच्या पिढीला अजून वाटतं.

धारपांची खुबी अशी की पहिली वीस पानं काही घडतच नाही. एक साधा माणूस. नोकरी, भाड्याची खोली, बदलीचा अर्ज. तुमच्या-आमच्यातलाच. मग खोलीचं एक दार नीट लागत नाही, एवढंच. आणि तुम्ही वाचता वाचता आपल्या दाराकडे बघता. 'लुचाई', '४४० चंदनवाडी', 'चेटकीण' या नावांवरून आमच्याकडे भांडणं व्हायची. पुढे भाच्यानं स्टीफन किंगचं १९७५ सालचं 'सालेम्स लॉट' वाचलं आणि धावत येऊन म्हणाला, अरे, 'लुचाई' तर यावरून घेतलंय! हो, घेतलंय. पण मला त्यानं धारप लहान झाल्यासारखे वाटत नाहीत. अमेरिकेतल्या गावावर आलेलं संकट त्यांनी आपल्या मातीत असं लावलं की आमच्या चाळीत कुणाला कधी ते परकं वाटलं नाही. शिवाय त्यांच्याकडे समर्थ होते. काळोखाच्या तोंडात जाऊन माणसाला परत आणणारे. आजीच्या वेतोबाचं काम धारपांकडे समर्थ करत. म्हणून धारप वाचून सोबत घेतली की काम भागायचं.

रत्नाकर मतकरींचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे आमचं माप मोडलं. 'खेकडा' वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. ते त्या लेखनाला गूढकथा म्हणत, आणि त्यात भूत असेलच असं नाही. असायचं ते माणसाच्या मनाच्या तळाशी साचलेलं काहीतरी. मतकरी वाचल्यावर सोबत घेऊन उपयोग नसायचा, कारण सोबत आलेल्याचीच भीती वाटायची. मधल्या बहिणीनं एकदा खरंच दादाला म्हटलं होतं, तू नको येऊस, मी एकटी जाते. भाच्यानं विचारलं, मग मतकरींना सोबतीचे किती गुण? आत्या गरा हातात धरून बराच वेळ विचार करत राहिली. शेवटी वहीत त्या जागी नुसती आडवी रेघ आली. मला वाटतं, तो सर्वांत मोठा मान होता. १७ मे २०२० रोजी करोनात ते गेले, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या फोनवर एकमेकांचे निरोप आले. जो तो एखादी कथा आठवून सांगत होता आणि ती कुठे बसून वाचली होती तेही.

याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिलं आणि त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली. आमच्यातले दोघं ती बघताना नाट्यगृहात खुर्चीखाली गेले होते. पुढे १९९३ साली महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त तात्या विंचूही प्रभावळकरच. आणि रामदास पाध्यांचा तो बाहुला. खरं तर विनोदी सिनेमा, आमचा लक्ष्या त्यात. पण त्या सुट्टीत घरातल्या सगळ्या बाहुल्या ट्रंकेत गेल्या. धाकटीची एक डोळे मिटणारी बाहुली होती, ती ट्रंकेत मावेना, म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवली. सकाळी आईनं झाडताना ती सरळ केली आणि कुणाला सांगायला विसरली. त्या सकाळची आरडाओरड तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

सिनेमांवर येईपर्यंत बारा वाजून गेले होते. आत्यानं १९६२ चा 'बीस साल बाद' थेटरात पाहिलेला. तिची त्याहून मोठी आठवण मात्र १९४९ च्या 'महल'मधल्या गाण्याची, रेडिओवर ऐकलेल्या. लताबाई तेव्हा जेमतेम विशीच्या. रेकॉर्डवर नाव त्यांचं नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं होतं, कामिनी. आवाज दुरून येतोय असं वाटावं म्हणून त्या माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या, ही हकिगत आमच्याकडे सगळ्यांना पाठ. आत्या म्हणाली, सिनेमात पुढे कोण दिसलं ते मला आठवत नाही. तो आवाज लांबून येत राहतो, एवढंच आठवतं.

आमचा सिनेमा व्हीसीआरचा. कोजागरीला चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचा, तीन कॅसेट्स. पहिली देवाधर्माची, दुसरी मारामारीची, तिसरी पोरं झोपल्यावर लावायची. पोरं अर्थातच झोपलेली नसत. पांघरुणाच्या विणीतून जेवढं दिसेल तेवढ्यावर आम्ही रामसे बंधूंचे सिनेमे पाहिले. 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा, 'पुराना मंदिर' १९८४ चा, 'वीराना' १९८८ चा. हवेली, धुकं, करकरणारं दार, त्रिशूळ. 'पुराना मंदिर'मधला सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, नुसता उभा राहिला तरी पुरे. त्या रात्री आगगाडी निघायचीच, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच सामरीची नक्कल करत जिने उतरायचो. रामसेंची भीती उन्हात टिकत नसे. म्हणून त्यांच्यावर प्रेम केलं सगळ्यांनी, पण वहीत पहिला नंबर कुणी दिला नाही.

थोरल्या दादानं वेगळंच नाव घेतलं. 'गहराई', १९८० चा. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचं दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकरांचा हात. श्रीराम लागू गावची जमीन विकतात आणि शहरातल्या त्यांच्या चांगल्या घरात, शिकलेल्या मुलीच्या तोंडून, म्हणजे पद्मिनी कोल्हापुरेच्या, ते जुनं पाप बोलू लागतं. दादा म्हणाला, त्याआधी मला वाटायचं भुतं दुसऱ्यांच्या वाड्यात असतात. आपणही इकडचा जमिनीचा एक तुकडा विकला होता ना तेव्हा? त्यावर पडवीत कुणी बोललं नाही. तो तुकडा कसा विकला गेला आणि कुणाच्या वाट्याचं काय राहिलं, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

नव्वदीत केबल आली. 'झी हॉरर शो' १९९३ ला, 'आहट' १९९५ ला. तेव्हा आम्ही कॉलेजात, तरीही आईच्या पदराआडून बघायचो. एक शोध तेव्हा लागला. फार भीती वाटली की कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करायचं. चित्र तसंच चालू, तोच हात खिडकीतून येतोय, पण भीती एकदम नाहीशी. मुखवटा मुखवट्यासारखा दिसू लागायचा. उलट डोळे मिटून नुसता आवाज ऐकला, तर पाय पोटाशी. हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं होतं आणि त्या रात्री ठासून मांडलं. भाचा ऐकेना.

'तुंबाड'वर मात्र सगळ्यांचं एकमत. राही बर्वे यांचा, २०१८ चा. पहिल्यांदा लागला तेव्हा फारशी गर्दी झाली नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोक गेले, त्यात आमचं आख्खं घर. तो न थांबणारा पाऊस, ओल धरलेल्या भिंती, कंदील, आतल्या खोलीत कोंडलेली म्हातारी, आणि हस्तरचं नाव घेऊन तिला झोपवणं. त्या म्हातारीचं मूळ धारपांच्या 'आजी' कथेत. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. बघताना वाटलं, कुणीतरी आमचं वाचनालयातलं दमलेलं पुस्तक उघडलं आणि त्यातून पाऊस बाहेर आला. लोभ हे त्यातलं खरं भूत, आणि त्याला पत्ता लागत नाही. धाकटीनं एकच तक्रार केली. सोबत मिळाली नाही, कारण थेटरातून आम्ही सगळे आपापल्या गाडीनं आपापल्या फ्लॅटमध्ये गेलो. संडास आता घरातच. दिवे बटणावर. मोजणार कशानं?

मग गेम. भाच्याला वाटलं, इथे मामा-मावश्या गप्प बसतील. पण खेळातली भीती आम्हालाही नवी नव्हती. दहावीच्या वर्षी चाळीत प्लँचेट चालायचं. पुठ्ठ्यावर अक्षरं, मध्ये उपडी वाटी, मेणबत्ती, चार बोटं. बोलावायचं नेहमी कुणातरी थोर पुरुषाला, आणि विचारायचं काय, तर बीजगणितात किती मिळतील. एकदा वाटी कुणी न ढकलता सरकली, असं चौघंही अजून शपथेवर सांगतात. आणि दिवे गेल्यावरची लपाछपी. 'लपाछपी' नावाचा मराठी भयपट २०१७ मध्ये आला, उसाच्या शेतातला, तेव्हा मला आधी आठवला तो माळ्यावरचा भाताचा कणगा. मी त्यात लपले होते, आणि शोधणारा मला न शोधताच जेवायला निघून गेला होता.

भाच्यानं 'रेसिडेंट ईव्हिल'ची गोष्ट सांगितली, १९९६ चा गेम. हवेली! आम्ही सगळे उठून बसलो. प्रत्येक दार उघडताना पडद्यावर नुसतं दार दिसतं, हळूहळू उघडणारं. पुढची खोली मशीनमध्ये तयार व्हायला जो वेळ लागतो तो असा झाकलेला. आणि खेळ जिथवर आलाय ते जपून ठेवायला टाइपरायटर शोधावा लागतो, त्याची शाईची फीतही जवळ असावी लागते. काका टायपिंगच्या क्लासात शिकवायचे, ते असते तर त्यांना हे फार आवडलं असतं. 'सायलेंट हिल' १९९९ चा. त्यात गावभर धुकं, कारण त्या यंत्राला लांबचं चित्र काढता येत नव्हतं. अडचणीतून आलेलं धुकं, पण तेच गावाचं भय झालं. आणि खेळणाऱ्याच्या खिशात एक रेडिओ. 'वाईटसाईट' जवळ आलं की तो खरखरतो. हे ऐकून आत्याचे हात थांबले. "म्हणजे आधी आवाज," ती म्हणाली. "बघ."

गेमचं एक बलस्थान मी मोकळ्या मनानं मान्य करते. सिनेमात डोळे मिटले तरी सिनेमा पुढे जातो. गेममध्ये तुम्ही दार उघडलं नाही तर काहीच होत नाही. भीती तुमची वाट बघत उभी राहते. ते दार शेवटी तुमच्याच हातानं उघडावं लागतं. हे पुस्तकात थोडंफार असतं, पान उलटताना. पण इतकं नाही.

घरातली सगळ्यात धाकटी, दादाची नात, नऊ वर्षांची. ती फोनवर 'ग्रॅनी' खेळते. एक म्हातारी, तिचं घर, सुटायला पाच दिवस. म्हातारीला सगळं ऐकू येतं. फळी करकरली, हातून काही पडलं, की ती हजर. नात डोळ्याची पापणी न हलवता खेळते आणि आम्हाला भित्रे म्हणते. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागलो, ते तिला कळेना. मे महिन्याच्या दुपारी आजी माजघरात आडवी झालेली असताना शिंकाळ्यातलं आंब्याच्या साटाचं पान काढून परत येणं, म्हणजे काय वेगळं होतं? पाट सरकला, की "कोण रे तो?" आमची सगळी बालपणं हा एकच खेळ होता. फक्त आमच्या ग्रॅनीनं सापडल्यावर अर्धं पान आमच्याच हातावर ठेवलं.

पॉडकास्टचा रकाना राहिला होता. परदेशी असलेल्या भाचीनं फोनवरून 'द मॅग्नस आर्काइव्ह्ज'चं नाव कळवलं. २०१६ ते २०२१, दोनशे भाग. एक माणूस जुने जबाब टेपरेकॉर्डरवर वाचून नोंदवतो, इतकंच. लोकांचे साधे जबाब, मी अमुक ठिकाणी राहायचो, असं असं झालं. ती म्हणाली, ते अगदी आजीसारखं आहे. खरं आहे. मराठीतही आता भयकथा वाचून दाखवणारे पुष्कळ झालेत. आत्या रात्री फोन उशाशी ठेवून ऐकते. डोळ्यांनी आता तिला वाचवत नाही. तिला आकाशवाणीवरच्या श्रुतिका आठवतात, दिवा मालवून रेडिओभोवती बसून ऐकलेल्या, नुसत्या जिन्यावरच्या पावलांवर आख्खं घर श्वास रोखून असायचं. तिच्या लेखी पॉडकास्ट ही नवी गोष्ट नाहीच, तो परत आलेला रेडिओ आहे.

माझं मत मी तिथेच देऊन टाकलं. ऐकलेली भीती पहिली. सिनेमातलं दार सिनेमाचं असतं, गेममधलं दार गेमचं. कानावर पडलेल्या गोष्टीला दार लागतं तेव्हा ती आपलंच दार घेते, आपलीच विहीर, आपलाच जिना. धारप मी वाचले, पण आठवतात ते दादानं चाळीच्या गॅलरीत चिमणीच्या उजेडात मोठ्यानं वाचलेले. फक्त एक गोष्ट मला खटकते आणि ती मी भाचीलाही सांगितली. कानात बोंडं घालून एकट्यानं ऐकलं, तर सोबतीला हाक कुणाला मारायची? शेजारच्याला माहीतच नाही तू कशाला भ्यालीस ते. आमच्याकडे भीती सगळ्यांना एकदमच वाटायची, एका पातेल्यातल्या पेजेसारखी.

भाच्यानं वही पुढे केली, आता बोला, पहिला नंबर कुणाचा. दादा 'गहराई' सोडेना. धाकटी 'तुंबाड'. भाचा 'सायलेंट हिल'. मी धारप, पण मोठ्यानं वाचलेले. आणि तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. रातकिडे एकदम जवळ आले. नातीच्या फोनचा उजेड होता, तोही चार्जिंग संपून विझला. कुणीतरी कंदील शोधायला उठलं, तो आत्या म्हणाली, बसा. आणि तिनं चकव्याची गोष्ट सुरू केली. तीच. आजोबा, बाजार, सुकी मासळी, काजू. आजीसारखाच आवाज उतरवत. मधे थांबून तिनं अंगणाकडे मान वळवली, आणि आम्ही नऊ जण, चष्मेवाले, गुडघेदुखीवाले, कुणी हललं नाही. पिशवी रिकामी निघाली.

बराच वेळ गेला. मग नातीनं माझा हात शोधला. मागच्या न्हाणीपर्यंतच जायचं होतं. पडवीतून दहा पावलं. "आजी, येतेस?"

मी उठले. पाठोपाठ धाकटी उठली, तिलाही जायचंच होतं म्हणे. मग भाचा. मग दादा, कंदील घेऊन, कारण कंदील नेहमी दादाच घ्यायचा. पडवीच्या पायरीवर आले तेव्हा माझ्या पदराला मागून कुणीतरी धरलेलं होतं आणि त्याच्या सदऱ्याला आणखी कुणीतरी. आत्या तेवढी गऱ्यांच्या परातीशी बसून राहिली, पण तिनंही पाय वर घेतले होते.

नात आत गेली. कडी लागली. आम्ही बाहेर दाटीवाटीनं उभे, कंदिलाची वात फडफडत होती, माडांच्या झावळ्यांत काहीतरी सळसळलं.

आतून तिनं विचारलं, "आहेस ना?"

आणि पहिल्याच हाकेला आम्ही सगळ्यांनी ओ दिली.